पोचवायला आलेली माणसं

दार मिटलं तेव्हा केसरबाई आतच होती.

एका हातात धपाट्यांचं गाठोडं, दुसऱ्या हातात नातीचा फ्रॉक, आणि चप्पल मात्र एकाच पायात. दुसरी चप्पल पडेगावच्या फलाटावर राहिली होती, नवऱ्याच्या पायाशी. तिचा नवरा रामकिसन काचेपलीकडून दोन्ही हात हलवून काहीतरी ओरडत होता. आवाज आत येत नव्हता. पण इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवरा काय ओरडत असेल ते कळायला आवाज लागत नाही.

केसरबाईनं डब्याच्या पत्र्यावर थाप मारली. "ओ कंडक्टर! थांबवा की! म्या नुसती पोचवायला आले व्हते!"

एसटीत अशी थाप मारली की पुढचं सगळं आपोआप व्हायचं. कंडक्टर घंटी ओढायचा, ड्रायव्हर शिवी गिळायचा आणि गाडी थांबायची. या गाडीत कंडक्टरच नव्हता. गाडी गुमान निघाली.

"माय, बस खाली," तिची लेक सरिता म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "ही नाय थांबत कुणासाठी. छावणीला उतर अन् समोरच्या गाडीनं माघारी जा."

"अन् तिकीट? फुकट बसली म्हणून धरलं मला तर? या वयात?"

"धरलं तर सांग, चप्पल सोडवायला जायचंय."

सरिताच्या मांडीवर चार वर्षांची करुणा होती. तिला आजी गाडीत आली याचा इतका आनंद झाला की तिनं डब्यातल्या प्रत्येक माणसाला तो सांगितला.

आता ही कोणती गाडी, ते सांगायला हवं. शेंद्र्याच्या कारखान्यांपासून निघायची, चिकलठाणा, सिडको, क्रांती चौक असं करत सगळं शहर ओलांडून नगर नाक्यापर्यंत यायची. दोनच डबे, रस्त्याच्या मधोमध रूळ, जमिनीवरूनच धावणारी. कागदावर तिचं नाव लाइट रेल. लोक तिला मेट्रो म्हणत आणि केसरबाई छोटी गाडी म्हणे. मग ती गाडी वाढवायची ठरलं. गाड्या धुवायची शेड पडेगावला बांधली होती, रूळ तिथपर्यंत गेलेच होते. तेव्हा वर कुणाच्या तरी मनात आलं की गाडी रिकामी शेडला जाते त्यापेक्षा माणसं घेऊन जाऊ दे. म्हणून नगर नाक्याच्या पुढं छावणीचा थांबा झाला, आणि त्याच्या पुढं पडेगावचा. छावणीचा पक्का, पडेगावचा कच्चा. वर पत्रे, खाली फरशी, आणि एक अट: दिवाळीपर्यंत बघू. माणसं बसली तर थांबा पक्का करू, नाही बसली तर बंद.

केसरबाईला शहरातल्या बाकीच्या थांब्यांशी देणंघेणं नव्हतं. तिची लेक शेंद्र्याला दिली होती. सरिता तिथंच एका कारखान्यात गाड्यांच्या वायरी जुळवायच्या कामाला होती, जावई आकाश दुसऱ्या कारखान्यात. शहराच्या एका टोकाला लेक आणि दुसऱ्या टोकाला माय. मधे काळीपिवळी, मग सिटी बस, मग गल्लीच्या ओळखीच्या सांडूची रिक्षा, आणि प्रत्येक वाहनात करुणाला एकदा उलटी. त्यामुळं सरिता यायची ती चौदा एप्रिलला, दिवाळीला, आणि कुणी आजारी पडलं तर. छोटी गाडी पडेगावला यायला लागली आणि सरिता दर रविवारी यायला लागली. सकाळी यायची, दुपारी जेवायची, आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची आणि ऊन कललं की निघायची. केसरबाईच्या आयुष्यात रविवार नावाचा वार असा म्हातारपणी आला.

आणि त्यांच्या गल्लीत पाहुण्याला एकटं जाऊ द्यायची रीत नव्हती. लेक निघाली की घरातली सगळी, शेजारची दोन-चार, असे मिळून गाडीपर्यंत जायचे. एकटी निघालेली बाई म्हणजे भांडून निघालेली बाई, असं सगळे धरून चालत. केसरबाईची सासू तर पाहुण्याला शिवेवरच्या ओढ्यापर्यंत पोचवायची, तिथं त्याला पाणी पाजायची आणि मगच माघारी फिरायची. पुढं एसटी आली. तेव्हापासून रीत अशी झाली की आधी रुमाल टाकून जागा धरायची, आत चढून पिशवी फळीवर ठेवायची, शेजारच्या बाईला "लेकीकडं ध्यान द्या" म्हणून सांगायचं, खाली उतरायचं आणि खिडकीशी उभं राहायचं.

खरं बोलणं त्या खिडकीशीच व्हायचं. दिवसभर घरात भाजी काय केली, पाणी कधी आलं हेच चालायचं. पण गाडीचं इंजिन सुरू झालं की लेकीच्या पोटातलं ओठावर यायचं. सासू बोलत नाही, नणंदेचं लग्न मोडलं, मला ते कानातले नकोत तूच ठेव. सगळं खिडकीतून.

छोट्या गाडीची खिडकी उघडत नाही. केसरबाई आत चढली ती पिशवी ठेवायला, सवयीनं. आणि दार मिटलं.

छावणी यायच्या आधी सरिता हसायची थांबली. काचेबाहेर बघत म्हणाली, "माय, एक सांगू? कारखान्यात मला लाइनीची सुपरवायझर करतो म्हणत्यात."

"अगं मग! पेढे कुठायत?"

"म्या अजून व्हय म्हणले नाय. सगळ्या बाया हाताखाली येणार. निम्म्या माझ्याहून मोठ्या. त्यांना म्या काय सांगणार? ऐकत्यान का माझं?"

"सकाळपासून घरात हायेस. तवा नाय बोललीस?"

"घरी सुचलंच नाय," सरिता म्हणाली, आणि ते खरंच होतं.

केसरबाईनं गाठोडं मांडीवर नीट घेतलं. "तू आठवीत व्हतीस. मला पाटी घेऊन बसवायचीस अन् अक्षर वाकडं आलं की बोटावर पट्टी मारायचीस. म्या काय तुझ्याहून ल्हान व्हते?"

"ते येगळं."

"काय येगळं? तुझी मायच व्हते. मारताना भ्यायली नाहीस, आता बायांना कामून भितीस?"

सरिता काही बोलणार होती, पण छावणी आली. केसरबाई उतरली, आणि उतरल्यावर ध्यानात आलं की गाठोडं हातातच राहिलं आहे.

माघारच्या गाडीनं ती पडेगावला आली तेव्हा रामकिसन चप्पल हातात धरून उभा होता, जसं कुणी पावती धरून उभं राहतं. थांब्याशेजारच्या चहाच्या टपरीतून बद्रीनाथ ओरडला, "केसरमावशी, एका चपलेचं तिकीट निम्मं पडतं का हो?"

"तुझ्या चहात दूध पडतं तेवढं पडतं," केसरबाई म्हणाली. टपरीवरचे सगळे हसले. ती रागावली नव्हती. घरी जाईपर्यंत तिचा पाय जमिनीवर नीट पडत नव्हता, चप्पल घालूनसुद्धा.

हा घोळ एकट्या केसरबाईचा राहिला नाही. पुढच्या काही रविवारी गल्लीतल्या आणखी दोघी अशाच छावणीला जाऊन आल्या. एकीनं दारात पाय ठेवून गाडी अडवली, कारण तिची सून पाया पडायची राहिली होती. एकदा तर ज्वारीचं पोतं दारात अडकलं आणि गाडी तशीच खोळंबून राहिली. पडेगावचा थांबा सोनियाच्या ताब्यात होता. सोयगावकडची पोरगी, इस्त्रीचा गणवेश, शिट्टी गळ्यात. वरून तिला फोन आला. त्याच्या पुढच्या रविवारी फलाटाच्या तोंडाशी साखळी लागली आणि पाटी लागली: फक्त प्रवाशांसाठी.

"अगं सोने, आमी काय चोर हाव का?" केसरबाईनं विचारलं.

"मावशी, माझ्या हातात नाय. दार अडलं की मागच्या सगळ्या गाड्या अडतात. चिकलठाण्याचा माणूस पडेगावच्या रडण्यापायी कामाला उशिरा पोचतो."

ते बोलणं खोटं नव्हतं म्हणून जास्त लागलं. त्या रविवारी केसरबाई साखळीच्या अलीकडं उभी राहिली. आत सरिता बसली. करुणानं काचेला तळहात लावला. सरिताचे ओठ हलले, बराच वेळ हलले. केसरबाईनं मान हलवली, आणि गाडी गेली.

"काय म्हणत व्हती?" तिनं रामकिसनला विचारलं.

"येते म्हणली असंल."

"येते म्हणायला एवढं तोंड हलत नाय."

पुढच्या रविवारी सरिता आली नाही. कारखान्यातली पाळी बदलली होती, असं तिनं फोनवर सांगितलं. त्याच्या पुढच्या रविवारी आली, पण कारखान्याचं काही बोलली नाही, आणि केसरबाईनं विचारलं तर म्हणाली, "सांगीन नंतर." नंतर म्हणजे साखळी, काच आणि तळहात.

गल्लीतल्या बाकीच्या घरांनी तर सरळ छोटी गाडी सोडली. लेकीबाळी पुन्हा सांडूच्या रिक्षानं जायला लागल्या. सांडूची रिक्षा खडखड करायची, धूर सोडायची, पण म्हाताऱ्या बायांचं म्हणणं एकच होतं: रडणं संपेस्तोवर सांडू थांबतो. सांडू नुसता थांबायचा नाही, तर "होने दो, होने दो, आरामसे" म्हणून बिडी पेटवायचा आणि मधूनच आपणही नाक पुसायचा.

थांबा रिकामा पडायला लागला. रोजची कामावर जाणारी माणसं होती, पण ती बरीचशी कारखान्याच्या बसनंच जात. रविवारचीच काय ती गर्दी होती, आणि तीच आटली. एका संध्याकाळी सोनिया स्वतः केसरबाईच्या दारात आली. पाणी प्यायली आणि म्हणाली, "मावशी, लक्षण बरं दिसत नाय. दिवाळीनंतर थांबा बंद होईल बहुतेक."

"म्हंजी गाडी येणारच नाय?"

"येईल. शेडला धुवायला येईल. पण दारं मिटून."

केसरबाईच्या डोळ्यांपुढं ते उभं राहिलं. रोज आपल्या दारावरून रिकामी गाडी जाणार, दिवे लावून, आणि लेक शेंद्र्याला. गाडी आलीच नसती तर एवढं वाटलं नसतं.

सोनियाला दारापर्यंत सोडताना तिनं विचारलं, "सोने, म्या छावणीचं तिकीट काढलं, तर साखळी काढशील का?"

"तिकीट असलं की तुम्ही प्रवासी. मग साखळी कशाला?"

"अन् माघारी यायचं?"

"परतीचं मिळतं की."

केसरबाई उंबऱ्यावरून माघारी वळली. ही काही तिला सुचलेली मोठी गोष्ट नव्हती. एकदा दार मिटलं होतं, एवढंच. सासू ओढ्यापर्यंत जायची, आपण छावणीपर्यंत जाऊ. ओढा तेवढा लांब गेला असं समजायचं.

त्या दिवसांत पावसाळ्यातला वर्षावास चालू होता. संध्याकाळी बुद्धविहारात वाचन व्हायचं आणि वाचन झालं की बाया थोड्या बसायच्या. केसरबाईनं तिथं सांगितलं की येत्या रविवारी मी सरिताला छावणीपर्यंत पोचवणार, तिकीट काढून, बसून, ऐटीत.

"पोचवायला तिकीट?" एक म्हातारी म्हणाली. "उद्या मयतीला जायला तिकीट काढा म्हणत्यान."

"मयतीला सांडूची रिक्षा हाय," दुसरी म्हणाली. "तो रडतो पण."

हसल्या सगळ्या. पण रविवारी केसरबाई आणि रामकिसन निघाले तेव्हा त्यातल्या तिघी तयार होऊन दारात उभ्या होत्या. नुसतं बघायला, म्हणाल्या.

गाडीत सरिता खिडकीशी बसली, शेजारी केसरबाई. बाकीचे जरा पुढं, दांड्याला धरून. रामकिसन करुणाला घेऊन पार ड्रायव्हरच्या काचेपर्यंत गेला. गाडीनं वेग घेतला आणि सरितानं तोंड उघडलं. जणू मधले सगळे रविवार ती त्याच बाकावर बसून होती.

"आकाश म्हणाला, घे. सासूबाई म्हणल्या, घे, करुणाला म्या बघते. सगळे व्हय म्हणले, माय. मलाच अजून रात्री झोप येत नाय."

"त्या दिवशी काचेतून हेच सांगत व्हतीस?"

"व्हय. अन् तू मान हलवलीस. मला वाटलं तू म्हणतीस, घे."

"मला काय बी ऐकू आलं नव्हतं!"

सरिता बघतच राहिली. "म्या तर दुसऱ्या दिवशी जाऊन व्हय सांगून आले."

केसरबाईनं कपाळाला हात लावला. मग दोघींना जे हसू आलं ते छावणीपर्यंत पुरलं. उतरताना सरिता म्हणाली, "दिवाळीच्या महिन्यापासून काम सुरू. मग सुट्टी बुधवारी मिळंल. बुधवारी येईन."

गल्लीला ही गोष्ट पटायला वेळ लागला नाही. छावणीपर्यंत जायचं, तिथं पाणी प्यायचं, समोरच्या फलाटावर जाऊन माघारी यायचं. म्हाताऱ्यांना फिरणं झालं, पोरांना गाडी झाली, लेकींना खिडकी मिळाली. दाराशी रेटारेटी नव्हती, कारण सगळेच आत. पलीकडच्या मिटमिटा गावची माणसंसुद्धा आपले पाहुणे घेऊन यायला लागली. सांडूनं मग रिक्षाचा मोहरा फिरवला आणि मिटमिट्याहून माणसं थांब्यावर आणून सोडायला लागला. रडणं बघायला मिळत नाही एवढीच त्याची तक्रार होती.

बद्रीनाथचा चहा तर कधी नव्हे इतका खपत होता. त्यामुळं त्याच्या डोक्यात नको ते आलं. एके दिवशी तो केसरबाईला बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, दिवाळी जवळ आली. आकडा अजून फुगवू. माणसं मी आणतो, सभेला आणतात तशी. नुसती चढवायची, उतरवायची."

"ती कुणाला पोचवणार?"

"कुणाला नाय. नुसती बसणार."

"मग ती माणसं कशाची? पोतीच की." केसरबाई म्हणाली. "असलं काय केलंस तर तुझ्या टपरीवर पाय ठेवणार नाय. अन् गल्लीला बी ठेवू देणार नाय."

बद्रीनाथनं कान पकडले. पण बोललेलं वाऱ्यावर जातं. कुणीतरी ते ऐकलं, कुणीतरी पुढं सांगितलं, आणि वर अशी बातमी गेली की पडेगावची गर्दी भाडोत्री आहे.

सीताफळं बाजारात यायच्या सुमाराला, एका मंगळवारी, सोनिया एका बाईंना घेऊन केसरबाईच्या घरी आली. प्रेरणा मॅडम. नवे थांबे ठेवायचे की काढायचे, ते बघायचं काम त्यांच्याकडं होतं. पन्नाशीच्या आतबाहेर, सुती साडी, खांद्याला जड बॅग, चेहरा दमलेला. खुर्चीवर बसल्या तरी बॅग खांद्यावरच राहिली.

"आजी, स्पष्टच विचारते. छावणीपर्यंत जाऊन परत यायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाय. म्हंजी म्याच सांगितलं."

"कुणाला काही दिलं-घेतलं?"

"दिलं की," केसरबाई म्हणाली. सोनियानं डोळे मिटून घेतले. "धपाटे दिले. कुणाला चटणी दिली. मागल्या रविवारी शेजारच्या जावयाला कोंबडी दिली, जिती. ती गाडीत वरडली लई."

मॅडम हसल्या नाहीत. "हे बघा, एक थांबा जायचं आणि लगेच परत यायचं, याला प्रवास म्हणता येत नाही. उद्या मी हे वर दाखवलं तर लोक मला विचारतील, ही माणसं जातात कुठं?"

कोपऱ्यात बसलेला रामकिसन म्हणाला, "कुठं नाय जात. पोचवायला जात्यात."

"तेच तर म्हणतेय मी."

सोनिया पदराच्या जागी शिट्टीची दोरी पिळत होती. केसरबाईनं चहा ठेवला. मॅडम नको म्हणाल्या, पण आलं किसल्याचा वास आला तशा गप्प बसल्या. दोन घोट झाल्यावर बॅग खांद्यावरून खाली आली. त्या आणखी काही बोलणार असं वाटलं, पण बोलल्या नाहीत. कप ठेवला आणि उठल्या.

केसरबाईनं फडताळातून धपाटे काढले, फडक्यात बांधले आणि चपला घातल्या.

"तुम्ही कुठं निघालात?"

"तुमाला पोचवायला."

"अहो आजी, मी पाहुणी नाही. मी कामाला आलेय."

"चहा घेतलात ना आमच्या घरचा?"

"घेतला, पण..."

"मग झालं."

रामकिसननं टोपी घातली. तिघी बाया ओट्यावर शेंगा निवडत बसल्या होत्या. पाहुणी निघाली म्हटल्यावर सूप बाजूला ठेवून त्याही उठल्या. कोण आहे, कशाला आली, कुणी विचारलं नाही. एकीनं आत जाऊन ओंजळभर सीताफळं आणली आणि मॅडमच्या बॅगेत घातली. कागदांवरच. मॅडम "अहो, अहो" करत राहिल्या.

थांब्यावर एकेकानं तिकीट काढलं. मॅडम बघत उभ्या होत्या. त्या दिवशी मंगळवार होता, लेक कुणाचीच नव्हती, आणि आपण येणार हे सोनियालासुद्धा सकाळी कळलं होतं, हे त्यांच्या मनात आलं असेल. केसरबाईला ते कुठलं सुचायला? तिला एकच सुचत होतं: हिच्यापुढं हात जोडावेत, बाई थांबा ठेवा म्हणावं. गाडीत चढेपर्यंत ते तिच्या जिभेवर होतं. पण निघालेल्या पाहुण्याकडं कुणी मागत नाही. पाहुण्याला द्यायचं असतं. तिनं गाठोडं मॅडमच्या मांडीवर ठेवलं आणि शेजारी बसली.

शेजारच्या बाकावरच्या अनोळखी पोरीला तिनं सवयीनं सांगितलं, "बाईंकडं ध्यान दे गं. लांब जायचंय त्यांना."

गाडी निघाली. मॅडम काचेबाहेर बघत होत्या. बघता बघता म्हणाल्या, "आजी, खरं सांगू?"

केसरबाईनं मान हलवली. खिडकीशी बसलेली बाई असंच सुरू करते, हे तिला ठाऊक होतं.

"माझ्या इतक्या बदल्या झाल्या. नांदेड, धुळे, कुठंकुठं. निरोपाला हार घालतात, फोटो काढतात. पण स्टँडवर कुणी येत नाही. आई होती तोवर ती यायची. नको म्हटलं तरी यायची. गाडी सुटली की खिडकीला धरून चार पावलं चालायची, मला लाज वाटायची तिची." त्यांनी गाठोड्याची गाठ चाचपली. "हे मी तुम्हाला का सांगतेय कोण जाणे."

"गाडीत होतं तसं," केसरबाई म्हणाली.

"आणखी एक. मी आज आले ती थांबा बंद करायचं ठरवूनच आले होते. तुमच्या घरात तेच सांगणार होते. जमलं नाही."

पुढं बसलेल्या बायांनी मागं वळून बघितलं. रामकिसननं टोपी काढून पुन्हा घातली. केसरबाईनं मॅडमच्या हातावर हात ठेवला.

"खाऊन घ्या वाटंत," ती म्हणाली. "गार झाले की चिवट होत्यात."

छावणी आली. सगळे उतरून फलाटावर ओळीनं उभे राहिले. मॅडम उठून दारापर्यंत आल्या, मांडीवरचं गाठोडं छातीशी धरून.

"तुमची लेक कोणत्या वारी येते?"

"आता रविवारी. पुढच्या महिन्यापासून बुधवारी. सुपरवायझर झाली ती."

"येऊ द्या," मॅडम म्हणाल्या. "वर मी भांडते. गाडी त्यांनी बांधली, पण पोचवायची रीत काही त्यांनी..." आणि दार मिटलं. पुढचं काचेतून दिसलं, ऐकू आलं नाही.

"काय म्हणली पुढं?" रामकिसननं विचारलं.

"येऊ द्या म्हणली."

"त्याच्या पुढं?"

"त्याच्या पुढं काय लागतंय अजून?"

दिवाळी झाली आणि पडेगावच्या थांब्यावर गवंडी आले. पत्रे गेले, पक्कं छप्पर आलं. म्हाताऱ्यांसाठी बाक आले, पाण्याचा नळ आला, आणि ती साखळी सोनियानं गुंडाळून कपाटात टाकली. सोनियानंच वर सांगून आणखी एक सोय करून घेतली: पडेगावला दार इतर थांब्यांपेक्षा थोडा जास्त वेळ उघडं राहतं. चिकलठाण्याच्या माणसाला त्यानं काही उशीर होत नाही, तिनं बघितलंय. गाडी मिटमिट्यापर्यंत न्यायची की नाही, ते आता मोजून बघतायत. सांडू म्हणतो, नेऊ नका, माझी रिक्षा नुकतीच धंद्याला लागलीय.

परवाच्या बुधवारची गोष्ट. सरिता निघाली, रामकिसन आणि केसरबाई पोचवायला निघाले. लाइनीवरच्या बाया आता ऐकतात, पण एक आहे ती ऐकतच नाही, तिचं काय करायचं, असं सरिताचं चाललं होतं. गाडी छावणीला आली. रामकिसन उतरला. मागं वळून बघतो तर केसरबाई बाकावरच. तोंड लेकीकडं, हात हवेत, सांगणं रंगात आलेलं.

"अगं, छावणी!" तो ओरडला.

दार मिटलं. मग केसरबाईच्या ध्यानात आलं. तिनं काचेला नाक लावलं, दोन्ही हात हलवले आणि काहीतरी सांगितलं. नगर नाक्यापर्यंत जाऊन येते, थांबा तिथंच, हलू नका. ऐकू काही आलं नाही, पण रामकिसनला कळलं.

तो बाकावर बसला. धपाट्यांचं गाठोडं त्याच्याच हातात राहिलं होतं. त्यानं थोडा वेळ गाडी गेली तिकडं बघितलं, मग गाठ सोडली आणि एक धपाटा काढला. अजून गरम होता.